कमरीपेठेतला चेंडू आणि चार भाषा

हुबळीच्या बाजारपेठेत शिरले की आपल्याकडील माणसाला परमुलुखात आल्यासारखे फारसे वाटत नाही. दाजीबानपेठ, कमरीपेठ, मराठा गल्ली अशी नावे कानांवर पडतात. पाट्या तेवढ्या कन्नड असतात, आणि आपली 'पेठ' तेथे 'पेटे' झालेली असते. त्यातही कमरीपेठ ही वस्ती पाहण्यासारखी. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची, म्हणजे ज्यांना तिकडे सावजी किंवा पट्टेगार म्हणतात त्यांची, येथे जुनी घरे आहेत. रेशीम विणण्याचा त्यांचा पिढीजात धंदा, आणि आता खानावळींमुळे त्यांचे नाव दूरवर गेलेले. त्यांच्या घरात खत्री बोली चालते. गुजराती आणि मराठी या दोहोंशी नाते सांगणारी ही बोली आहे. शेजारी मुसलमान कुटुंबांची दख्खनी, रस्त्यावर धारवाडी वळणाची कन्नड, आणि मधूनमधून आपली मराठी.

माझी थोरली बहीण या भागाच्या अंगालाच राहते. लग्न होऊन ती हुबळीस गेली त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तिच्या घरी देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, दाराबाहेर कन्नड, अशी वाटणी कायम होती. तिसऱ्या पिढीने ही वाटणी मोडली. तिचा अकरा वर्षांचा नातू इंग्रजी शाळेत जातो. मराठी त्याला समजते, पण उत्तर इंग्रजीतून येते. कन्नडची शिकवणी लावली होती. मुळाक्षरे सुरेख काढतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी चार शब्द बोलायचे म्हटले की मान खाली. "याला ऐकायला सगळं येतं, बोलायला काही येत नाही बघ," असे अक्का मला म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा धास्तीच अधिक होती. हे गाऱ्हाणे तिचे एकटीचे नव्हे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर येथे पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या आपल्या कितीतरी घरांतून हेच ऐकू येते. अंगणातल्या दोन भाषा सोडून मुलगा तिसरीत शिरतो, आणि मग आजीशी बोलायला दुभाष्या लागतो.

हा मुलगा बोलता झाला तो फुटबॉलमुळे. ते कसे, हे मी गेल्या दोन मुक्कामांत बारकाईने पाहिले आहे, म्हणून सांगतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दहा-बारा पोरे एका मोकळ्या जागेत जमतात. जागा कसली, दोन भिंतींमधला उतार. दोन दोन विटा ठेवल्या की गोल तयार. त्यांत सावजींची मुले, मुसलमानांची मुले, लिंगायत घरचे दोघे भाऊ, आणि निपाणीकडून नव्याने आलेल्या एका कुटुंबातला मुलगा. हा शेवटचा मुलगा गोलकीपर. त्याला मराठीखेरीज काही येत नव्हते, आणि त्याची मराठी तरी कशी? "हिकडं टाक की लेका!" अशी. आमच्या अक्काच्या घरात ती कोणी चालवून घेतली नसती.

खेळताना पहिल्या दिवशी जे ऐकू येते ते सगळे आज्ञार्थी. 'कोडो' म्हणजे दे, 'बिडो' म्हणजे सोड, 'ओडो' म्हणजे पळ, 'नोडो' म्हणजे बघ. 'एडक्क' डावीकडे, 'बलक्क' उजवीकडे. कोणी "इधर दे" ओरडतो, कोणी "नक्को नक्को". हा दख्खनीतला 'नक्को' आपलाच, मराठीने दिलेला. मौज अशी की कन्नडात काय किंवा मराठीत काय, आज्ञा करायची तर क्रियापदाचे मूळ रूपच पुरते. दे, घे, बघ, ये यांना जसा प्रत्यय लागत नाही तसाच 'कोडु', 'नोडु' यांनाही नाही. शेवटी 'ओ' आला तो नुसत्या दोस्तीचा, आपल्या 'रे'सारखा. मुलाने शब्द ऐकला, पाय हलवला, चेंडू आला. चुकला तर शिवी, बरोबर आला तर गोल. कोणत्या शिकवणीत इतक्या तत्परतेने उत्तर तपासले जाते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये जेम्स ॲशर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात याच धर्तीवर प्रयोग केले. विद्यार्थ्यांना रशियन आणि जपानी भाषा शिकवताना त्याने प्रथम त्यांना बोलायला लावलेच नाही. उठा, चाला, थांबा, वळा अशा आज्ञा द्यायच्या आणि त्या अंगाने करून घ्यायच्या. ऐकणे आणि हालचाल यांची गाठ पडली की शब्द टिकतो, असा त्याचा अनुभव. आपल्याकडे लहान मुलाला 'ये', 'बस', 'टाळी वाजव' शिकवणारी प्रत्येक आई हेच करीत आली आहे. ॲशरने त्याला शास्त्राची बैठक दिली इतकेच.

पण आज्ञांवर भाषा थांबली तर ती कवायतीची भाषा होईल. खेळातली खरी गंमत पुढे आहे. चेंडू भिंतीपलीकडे जातो. पलीकडच्या घरात एक तापट स्वभावाचे निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्यापुढे 'कोडो' म्हणणाऱ्याची धडगत नाही. तेथे "काका, चेंडू कोड्री" असे म्हणावे लागते. धारवाडकडच्या कन्नडातला हा 'री' फार गोड. 'बर्री', 'कोड्री', 'कुंडर्री'. आपले 'या', 'द्या', 'बसा'. पाठ्यपुस्तकात आदरार्थी बहुवचन हा एक धडा असतो आणि त्याखाली रिकाम्या जागा भरायच्या असतात. या पोरांना तो धडा भिंतीपाशी मिळाला, आणि चेंडू परत येतो की नाही यावर त्याची परीक्षा झाली. आमच्या नातवाने आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या मोठ्या माणसाशी कन्नडातून पुरे वाक्य बोलले ते या भिंतीपाशी.

नंतर येते भांडण. गोल झाला की नाही? "गोल आतु!" "आगिल्ल!" झाला, झाला नाही. भूतकाळ आणि नकार दोन्ही एका दमात. विटेच्या आतून गेला की बाहेरून, कोणाच्या पायाला लागून गेला, आधी कोणी ढकलले, हे सगळे सिद्ध करायचे तर वाक्ये जुळवावी लागतात, साक्षीदार उभे करावे लागतात. अंधार पडला की जाताना विचारायचे: उद्या येणार का? हा झाला भविष्यकाळ. महिन्या-दोन महिन्यांत मुलगा या सगळ्यांतून जातो, आणि आपण व्याकरण शिकलो हे त्याच्या गावीही नसते.

कन्नडचे असे झाले. मराठीचे त्याहून नवल. निपाणीकडच्या त्या गोलकीपरला बाकीच्यांचे बोलणे समजेना. बचावाला उभा राहणारा आमचा नातू. दोघांचे जमले नाही तर गोल खावा लागतो. तेव्हा हा मुलगा, जो आजीला "येस" आणि "नो" यापलीकडे उत्तर देत नव्हता, तो पाठीमागे वळून मराठीतून ओरडू लागला. आणि संघातल्या इतरांचे बोलणे त्याला मराठीत सांगू लागला. तोपर्यंत घरातली मराठी ही त्याच्या लेखी आजीची, औषधाच्या बाटल्यांची आणि श्लोकांची भाषा होती. आता ती कामाची झाली. माझ्या मते सगळा मुद्दा येथे आहे. मुलाला भाषा येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला ती कोणाशी बोलायची हेच उरलेले नसते. आपण शिकवणी लावतो, गोष्टींची पुस्तके आणतो, आणि ज्याच्याशी ती भाषा बोलल्यावाचून गत्यंतर नाही असा एखादा सवंगडी काही देत नाही. उलट "त्या पोरांत जाऊ नकोस" असे बजावतो.

अक्काने तेही बजावून पाहिले होते. "हिकडं", "तकडं" हे घरात आलेले तिला रुचले नाही. शिवाय खेळ संपल्यावर मुलगा सावजी मित्राच्या घरी जाऊन रस्सा ओरपून येतो हे कळले तेव्हा दोन दिवस अबोला होता. परंतु अबोला धरून तरी उपयोग काय? जो नातू बोलतच नव्हता तो आता येऊन "आजी, भूक लागलीया" म्हणतो. 'लागलीया' की 'लागली आहे' हे पुढे पाहता येईल.

जगभर आता या गोष्टीची दखल घेतली जाऊ लागली आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि इंग्लंडची प्रीमियर लीग यांनी मिळून फुटबॉलच्या आधाराने इंग्रजी शिकवण्याचा उपक्रम चालवला. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यांतून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले. 'झुंड' या २०२२ सालच्या चित्रपटामुळे ते घरोघर ठाऊक झाले. पुढे त्या संस्थेने खेळाला शिकवण्याचीही जोड दिली.

येथे कोणी म्हणेल की फुटबॉलला भाषा लागतेच कुठे? खेळ सगळीकडे सारखा, नियम सारखे. हे अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या खऱ्याची एक चांगली हकीकत आहे. १९६६ सालच्या विश्वचषकात वेंब्लीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना होता. पंच जर्मन, रुडॉल्फ क्राइटलाइन. अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनियो रातीन. पंचाला स्पॅनिश येत नाही, कर्णधाराला जर्मन येत नाही. पंचाने त्याला मैदानाबाहेर काढले, तर हा गडी दुभाष्या मागत उभा. कितीतरी वेळ मैदान सोडीना. त्या स्पर्धेतल्या पंचांचे प्रमुख केन ॲस्टन होते. हा घोळ मनात घेऊन मोटारीतून जात असताना त्यांना रस्त्यावरचे तांबडे-पिवळे दिवे दिसले, आणि त्यातून पिवळे आणि लाल कार्ड निघाले. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ते प्रथम वापरले गेले. म्हणजे पंच आणि खेळाडू यांच्यात भाषेवाचून भागवण्याची सोय झाली. पण एकाच संघातल्या दोघांसाठी असे कार्ड अजून कोणी काढलेले नाही. पाठीमागून कोण येतो आहे हे सांगायला तोंडच उघडावे लागते.

मराठी आणि कन्नड यांची देवघेव आपल्या वाचकांना नवी नाही. ती आजवर झाली ती रंगभूमीवर आणि गाण्याच्या बैठकीत. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली, त्यांचे खेळ चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, हे सर्वांना पाठ आहे. हुबळीजवळचे कुंदगोळ हे जमखंडी संस्थानातले गाव. तेथले सवाई गंधर्व मराठी नाटकांतून गाजले. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. कन्नडातले थोर कवी म्हणून १९७३ चे ज्ञानपीठ त्यांच्याकडे गेले. पण नाटक कंपन्या गेल्या. बैठकीला येणारा श्रोता आता पिकल्या केसांचा. अकरा वर्षांच्या मुलाला आपण सवाई गंधर्वांच्या नावाने कन्नडकडे वळवू म्हटले तर तो हात जोडील. त्याच्याकडे जो चेंडू आहे तोच धरून बोलले पाहिजे.

आणि चेंडूच्या बाबतीत कोल्हापूरकरांना कोणी उपदेश करण्याची गरज नाही. कुस्तीच्या तालमी इतरत्रही आहेत. तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत ही तऱ्हा या शहराची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाळ या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांची नावे घेतली की पेठापेठांतून माणूस उठून बसतो. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, तेव्हापासून या खेळाला दरबारचा आधार मिळत आला. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानदार लवकर फळ्या लावतो. अलीकडच्या काळात आपल्या संघांतून नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही खेळून गेले. हजारो मैलांवरून आलेला तो धिप्पाड गडी मैदानावर 'सोड', 'आलं', 'मागं' असे ओरडतो तेव्हा गॅलरीतून जी दाद मिळते ती त्याने गोल केला तरी मिळत नाही. मी ती कानांनी ऐकली आहे. गल्लीतल्या पोरांनीही त्याच्याकडून इंग्रजीची दोन-चार वाक्ये उचललेली असतात, मास्तरांनी शिकवलेल्याहून निराळ्या उच्चाराची.

याहून जवळचे उदाहरण गडहिंग्लजचे. पूर्वी कोल्हापूर संस्थानात असलेला हा तालुका कन्नड मुलुखाला लागून. तेथल्या कित्येक घरांत दोन्ही भाषा सारख्याच सहज चालतात. गावाला फुटबॉलचे वेड जुने, आणि गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशनच्या अखिल भारतीय स्पर्धेला एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर कर्नाटक, केरळ, गोवा अशा निरनिराळ्या प्रांतांचे संघ आलेले आहेत. एका तालुक्याच्या गावाने हे करावे याचे मला फार कौतुक वाटते. सीमाप्रश्न १९५६ पासून धुमसतो आहे. मोर्चे, बंद, पाट्यांना काळे फासणे हे सगळे त्या रेषेच्या दोन्ही अंगांना झाले. त्याच रेषेजवळच्या मैदानावर बेंगळूरच्या संघाने चांगला गोल केला तर गडहिंग्लजकर टाळी वाजवतो. सीमाप्रश्न टाळीने सुटत नाही हे मलाही कळते, आणि तो सोडवण्यासाठी मी हे लिहीतही नाही. मराठी माणसाचा हक्क जेथे असेल तेथे तो मागितलाच पाहिजे. पण हक्क मागणाऱ्याच्या नातवाला शेजाऱ्याची भाषा आली तर हक्क काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. फुटबॉल जोडतो तसा तोडतोही, आणि त्याचा दाखला शोधायला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. सामन्यानंतर दोन पेठांत झालेल्या दगडफेकी आपण पाहिल्या आहेत. बंदोबस्ताला पोलीस लागतात. ही सगळी भांडणे शुद्ध मराठीत झाली! तेव्हा नुसते दोन संघ समोरासमोर उभे केले म्हणजे स्नेह वाढतो असे समजणे भाबडेपणाचे. मराठी मुलांचा एक संघ आणि कन्नड मुलांचा दुसरा असा सामना तर कोणी चुकूनही ठेवू नये. त्यात भाषा निशाणासारखी फडकते, तोंडात येत नाही. कमरीपेठेत गुण आला तो पोरांच्या सरमिसळीमुळे. तेथे रोज नाणेफेक करून गडी वाटून घेतात. काल ज्याच्याविरुद्ध खेळलो तो आज आपल्या बाजूला. संघ कायमचा नाही, म्हणून वैरही कायमचे नाही.

फुटबॉलने वाचता-लिहिता येत नाही, हेही खरे. आमचा नातू आज मराठी बोलतो, पण पोस्टकार्ड लिहायला सांगितले तर पेन्सिल चघळत बसतो. ते काम शाळेचे आणि घराचे. पण बोलायला लागलेल्या मुलाला वाचायला बसवणे सोपे, मुक्याला बसवणे अवघड. गेल्या खेपेस मी त्याला वर्तमानपत्रातले कोल्हापूरच्या सामन्यांचे वृत्त दिले. 'पूर्वार्धात', 'बरोबरी', 'निर्णायक' अशा शब्दांपाशी तो अडखळला, पण बातमी शेवटपर्यंत वाचली, कारण कोण जिंकले ते त्याला हवे होते. दुसऱ्या दिवशी तीच बातमी त्याने त्या गोलकीपरला वाचून दाखवली.

यावरून माझ्या मनात एक गोष्ट आली आहे, ती येथे मांडतो. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली संस्थानने बांधला आणि चालवायला दिला तो सदर्न मराठा रेल्वेकडे. या कंपनीची मुख्य कचेरी धारवाडास, कारखाना हुबळीस. म्हणजे या दोन गावांचा रुळांचा संबंध सव्वाशे वर्षांहून जुना. त्या मार्गाने मे महिन्याच्या सुटीत कोल्हापुरातली आठ-दहा मुले हुबळीस जावीत, आणि दिवाळीत तिकडची इकडे यावीत. बारा-तेरा वर्षांच्या आतली असावीत. उतरायला धर्मशाळा किंवा हॉटेल नको. एकेका घरी एकेक मुलगा. खेळताना चिठ्ठ्या टाकून संघ करावेत, प्रत्येक संघात निम्मी मुले इकडची, निम्मी तिकडची. पहिल्या अर्ध्या वेळात सगळ्यांनी कन्नडातून ओरडायचे, दुसऱ्यात मराठीतून, आणि पंच दोन्ही भाषा जाणणारा हवा. चषक नको, वर्तमानपत्रात छायाचित्र नको, उद्घाटनाला पुढारी तर मुळीच नको.

खर्च म्हणजे रेल्वेचे तिकीट आणि दोन चेंडू. हुबळीस चार घरे तयार आहेत. त्यांत एक सावजींचे आहे, आणि एक आमच्या अक्काचे. कोल्हापुरात माझ्याखेरीज दोघांनी होकार दिला आहे. एकाची अट एवढीच की येणाऱ्या मुलाने रविवारी सकाळी त्याच्या आईला थोडी कन्नड ऐकवावी. म्हातारीचे माहेर धारवाडचे आहे.